शेवटचे 18.9 सेकंद : विस्कॉन्सिनच्या मुलींचा विजेतेपदाचा हंगाम

23 मार्च 2025. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातलं रिडर अरेना. कॉलेजच्या मुलींच्या आइस हॉकीचा, म्हणजे बर्फावरच्या हॉकीचा, राष्ट्रीय अंतिम सामना. फलकावर दोन विद्यापीठांची नावं : ओहायो स्टेट 3, विस्कॉन्सिन 2. घड्याळ 18.9 सेकंदांवर थांबलेलं. दोन्ही संघांच्या बाकांवर मुली उभ्या राहून बघतायत आणि एवढ्या मोठ्या बर्फावर खेळाडू मात्र दोनच. एका टोकाला गोलरक्षक. मधल्या वर्तुळात कर्स्टन सिम्स, आणि तिच्यासमोर काळ्या रबराची एक चकती.

पाच-सहा महिन्यांचा हंगाम, 41 सामने, आणि सगळं येऊन थांबलं या एका फटक्यापाशी.

या क्षणाचं चित्रण मी कितीतरी वेळा पाहिलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्ध्या गोष्टी डोक्यावरून गेल्या होत्या. सगळ्या मुली बाजूला का गेल्या? गोल झालेला नसताना पंच व्हिडिओत काय बघत होते? आणि अख्ख्या हंगामात फक्त एकदा हरलेला संघ शेवटच्या मिनिटाला मागे कसा? एकेक धागा सोडवत गेले आणि हा खेळ मला फार आवडायला लागला. तेच धागे इथे उलगडते.

आधी आकडा. विस्कॉन्सिनचा त्या हंगामाचा हिशेब 38-1-2 असा लिहितात. 38 सामने जिंकले, एक हरला, दोन बरोबरीत सुटले. पुढे एवढा आकडा असेल तर अंतिम सामना म्हणजे नुसता उपचार, असं कुणालाही वाटेल. तसं का होत नाही हे कळायला अमेरिकेतला कॉलेजचा खेळ कसा चालतो ते थोडं बघावं लागेल.

आपल्याकडे मुलगी खेळात चमकली की ती जिल्ह्याच्या, राज्याच्या संघात जाते, मग रेल्वे किंवा पोलिसांकडून खेळते. कॉलेज हा त्या वाटेवरचा छोटा थांबा. अमेरिकेत कॉलेज हीच मुख्य पायरी आहे. तिथल्या विद्यापीठांच्या खेळांचा कारभार एनसीएए नावाची संस्था बघते. विद्यापीठं खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आणतात, त्यांना पूर्णवेळ प्रशिक्षक असतात, स्वतःची स्टेडियम असतात. मुलींना हे दार उघडलं ते 1972 च्या एका कायद्याने. त्याला ‘टायटल नाइन’ म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. त्याच्या मजकुरात खेळ हा शब्दसुद्धा नाही. पण मैदान, प्रशिक्षक, शिष्यवृत्ती या गोष्टी शिक्षणाचाच भाग ठरल्या आणि मुलींचे संघ उभे राहायला लागले. बर्फावरच्या हॉकीला तरीही वेळ लागला. एनसीएएने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती 2001 मध्ये. म्हणजे ही परंपरा अजून पुरती पंचवीस वर्षांचीही झालेली नव्हती.

सर्वोच्च पातळीवर खेळणारे संघ साधारण चाळीस-पंचेचाळीस. ते वेगवेगळ्या गटांत वाटलेले असतात, आणि त्यांतला सगळ्यात दमदार गट म्हणजे उत्तर-मध्य भागातल्या थंड राज्यांचा, डब्ल्यूसीएचए. आठ विद्यापीठं. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट, मिनेसोटा डुलुथ ही त्यांतली मोठी नावं. 2001 ते 2025 या काळात राष्ट्रीय विजेतेपद या गटाच्या बाहेर गेलं ते फक्त तीनदा, आणि तिन्ही वेळा न्यूयॉर्क राज्यातल्या क्लार्कसन विद्यापीठाकडे. बाकी सगळी या शेजारणींमध्येच फिरत राहिली.

या गटात प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी नेहमीच्या हंगामात चार-चार सामने खेळतो. बहुतेक वेळा शुक्रवारी एक आणि शनिवारी एक, त्याच दोन संघांत, त्याच बर्फावर. कोण डावीकडून घुसते, कोणती गोलरक्षक गुडघ्यावर लवकर बसते, हे सगळं समोरच्यांना पाठ झालेलं असतं. अशा ठिकाणी 38 सामने जिंकणं ही साधी गोष्ट नाही.

पण विजेतेपद हंगामाच्या बेरजेवर मिळत नाही. हंगाम संपला की 11 संघांची बाद फेरी लागते. गटांचे विजेते थेट येतात, उरलेले कामगिरी बघून निवडतात. वरच्या पाच संघांना पहिल्या फेरीत विश्रांती असते. बाकीचे सहा भिडतात, त्यांतले तीन पुढे येतात आणि आठ उरतात. तिथून तीन सामने. हरलात की घरी. शेवटच्या चार संघांच्या मुक्कामाला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. तुमच्या खात्यावर 38 विजय असोत की 25, त्या दिवशी दोघींची पाटी कोरी असते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण विस्कॉन्सिनचं नाही, त्यांच्या कट्टर शेजाऱ्यांचं आहे. 2012-13 च्या हंगामात मिनेसोटाच्या मुली 41 सामने खेळल्या आणि 41 च्या 41 जिंकल्या. एनसीएएच्या महिला हॉकीत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या संघात अमांडा केसेल होती, तिने एका हंगामात 101 गुण मिळवले. या खेळात गोलला एक गुण आणि गोल करायला मदत करणाऱ्या पासलाही एक. गोलमध्ये फिनलंडची नूरा रॅटी होती. आणि तरीसुद्धा बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात नॉर्थ डकोटाने त्यांना तिसऱ्या जादा वेळेपर्यंत ताणलं, उपांत्य फेरीत बॉस्टन कॉलेजने पुन्हा जादा वेळेत नेलं. दोन्ही सामने 3-2. एखादी चकती खांबाच्या आतल्या अंगाऐवजी बाहेरच्या अंगाला लागली असती, तर 41-0 ही ओळ आज कुठेच दिसली नसती. मला हा खेळ समजला तो या दोन सामन्यांबद्दल वाचल्यावर. गोल कमी होतात, त्यामुळे चांगला संघही हरण्यापासून फार लांब कधीच नसतो.

आता बर्फावर उतरू.

खेळाची रिंक साधारण 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद. कडेने फळ्या आणि वर काच, त्यामुळे चकती क्वचितच बाहेर जाते, फळीवर आपटून परत खेळात येते. ज्यांनी कॅरम खेळलाय त्यांना हे लगेच समजेल : पावडर टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर सरळ सोंगटीवर मारायचा की कडेला लावून आणायचा, तोच विचार इथे धावत्या वेगात करावा लागतो. चकती तीन इंच रुंद, एक इंच जाड, कडक रबराची, वजन दीडशे ग्रॅमच्या वर. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर टप्पे न खाता घसरत राहते. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. बहुतेकींच्या खांद्याइतकाही उंच नाही, आणि त्यातलीही बरीच जागा गोलरक्षकाचे पॅड खाऊन टाकतात.

एका वेळी प्रत्येक संघाच्या पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक बर्फावर असतात. बाकी बाकावर. सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांचा, आणि शिट्टी वाजली की घड्याळही थांबतं. म्हणजे 18.9 सेकंद उरलेत याचा अर्थ खरोखर खेळायचे तेवढे सेकंद उरलेत. चकती रिंकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एवढा वेळ भरपूर झाला.

नव्याने बघणाऱ्याला सगळ्यात गोंधळात टाकते ती अदलाबदल. बर्फावर पूर्ण जोर लावून स्केटिंग करणं इतकं दमवणारं असतं की एक खेळाडू पाऊण मिनिटापेक्षा जास्त वेळ आत राहत नाही. खेळ चालू असतानाच ती फळीवरून उडी मारून बाहेर येते आणि दुसरी आत जाते. खो-खोत बचाव करणाऱ्यांची तिघा-तिघांची तुकडी उतरते ना, तसंच इथे आघाडीच्या तिघी एकत्र उतरतात आणि एकत्र बाहेर पडतात. फरक एवढाच की इथे बाद व्हायची वाट कुणी बघत नाही, दमायच्या आत बाहेर यायचं असतं. अशा चार तुकड्या आणि बचावाच्या तीन जोड्या. म्हणून एक-दोन थोर खेळाडूंवर हा संघ उभा राहत नाही. पहिली तुकडी बाकावर दम खात असते तेव्हा चौथ्या तुकडीने गोल खाल्ला की सगळं पाण्यात.

चुकीला शिक्षा आहे. काठीने अडकवलं, पाडलं, तर दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं आणि संघाने तेवढा वेळ एक खेळाडू कमी घेऊन खेळायचं. कबड्डीत गडी बाद झाल्यावर अंगण ओस पडतं, अगदी तसं. पण गंमत बघा, कबड्डीत आपल्याला गुण मिळाला की आपला बाद गडी परत येतो. इथे समोरच्यांनी गोल केला की आपली खेळाडू बॉक्समधून सुटते. महिलांच्या खेळात पुरुषांसारखं सरळ अंगावर जाऊन धडकायला मनाई आहे. अंगाने वाट अडवणं, फळीजवळ जागा धरून ठेवणं चालतं. त्यामुळे ताकदीने चकती हिसकावण्यापेक्षा पास, वळणं आणि काठीची नजाकत जास्त दिसते. मला विचाराल तर बघायला हाच खेळ अधिक छान वाटतो.

आता या मुलींकडे वळते.

विस्कॉन्सिन विद्यापीठ मॅडिसन शहरात आहे, दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेलं. हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि लोक त्यांच्यावर चालतात, मासे धरतात, हॉकी खेळतात. महिला संघाचं स्वतःचं घर म्हणजे लाबान अरेना, 2012 मध्ये उघडलेलं, जेमतेम सव्वादोन हजार लोकांचं. 2025 च्या आधी या संघाने सात राष्ट्रीय विजेतेपदं घेतली होती.

त्या वर्षीच्या संघात कितीजणी होत्या! देशातल्या सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडूला पॅटी काझमायर पुरस्कार देतात. 2025 मध्ये त्याच्या अंतिम तीन नावांत तिन्ही विस्कॉन्सिनच्याच मुली होत्या. एकाच संघातल्या तिघी, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. केसी ओब्रायन, लायला एडवर्ड्स आणि कॅरोलाइन हार्वी.

केसी ओब्रायन मधल्या जागेवर खेळायची. कोविडमुळे मिळालेलं जास्तीचं पाचवं वर्ष ती खेळत होती. त्या हंगामात तिने 88 गुण केले आणि हिलरी नाइटसारख्या दिग्गज खेळाडूचा विस्कॉन्सिनमधला कारकिर्दीचा विक्रम मागे टाकला. पुरस्कार तिलाच मिळाला. लायला एडवर्ड्स ओहायोच्या क्लीव्हलंड हाइट्सची, सहा फुटांच्या वर उंच. 2023 मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ महिला संघातून खेळणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. 2024-25 मध्ये 35 गोल करून ती देशात पहिली आली. एवढ्या उंच मुलीचे हात इतके हलके कसे, याचं मला दर वेळी नवल वाटतं. हार्वी बचावाला, पण चकती घेऊन पुढे अशी निघते की बचावपटू आहे हे विसरायला होतं. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती अमेरिकेच्या संघातली वयाने सगळ्यात लहान होती. गोलमध्ये दुसऱ्या वर्षाला असलेली अ‍ॅव्हा मॅकनॉटन.

आणि कर्स्टन सिम्स. मिशिगनच्या प्लिमथची, तिसऱ्या वर्षाला. पुरस्काराच्या शेवटच्या तिघींत तिचं नाव नव्हतं. पण तिची एक आठवण ओहायो स्टेटला झोपेतही सलत असणार. 2023 च्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ समोरासमोर होते. विस्कॉन्सिन 1-0 ने जिंकलं होतं आणि तो एकमेव गोल पहिल्या वर्षाला असलेल्या सिम्सचा होता.

2024 मध्ये पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत आले. पुन्हा 1-0. पण या वेळी जिंकलं ओहायो स्टेट. त्यांच्या प्रशिक्षक नादीन मझराल स्वतः मिनेसोटाकडून खेळलेल्या. 2016 मध्ये त्यांनी ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला येऊन संघ हाती घेतला आणि 2022 मध्ये विद्यापीठाला या खेळातलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे 2025 च्या मार्चमध्ये सलग तिसऱ्या वर्षी हे दोघं अंतिम सामन्यात भेटत होते. आधीच्या दोन अंतिम सामन्यांत मिळून दोनच गोल झालेले, एक याचा, एक त्याचा. बरोबरीचं वैर म्हणतात ते हे.

विस्कॉन्सिनच्या बाकामागे उभा असलेला माणूस मार्क जॉन्सन. 2002 पासून या मुलींना शिकवतोय. याची स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती इथे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण त्या 18.9 सेकंदांशी तिचं नातं आहे.

1980 च्या फेब्रुवारीत लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांचा संघ सोव्हिएत संघाविरुद्ध उतरला होता. समोर जगातला सर्वोत्तम संघ आणि जगातला सर्वोत्तम गोलरक्षक, व्लादिस्लाव त्रेत्याक. पहिला भाग संपत आलेला, अमेरिका 1-2 ने मागे. एकाने लांबूनच एक फटका मारून दिला. त्रेत्याकने तो अडवला, पण चकती त्याच्या अंगावरून सुटून पुढे आली. सोव्हिएत बचावपटू भाग संपलाच म्हणून सैलावले होते. एक पोरगा मात्र दोघांच्या मधून घुसत राहिला, सुटलेली चकती त्याने उचलली आणि गोलमध्ये घातली. घड्याळात एक सेकंद उरला होता. तो पोरगा मार्क जॉन्सन. त्याने त्या सामन्यात आणखी एक गोल केला आणि अमेरिका जिंकली, 4-3.

गोलरक्षकाने अडवलेली चकती तिच्या अंगावरून परत खेळात येते, तिला रिबाउंड म्हणतात. पहिला फटका कुणीही मारतं. रिबाउंडला जी आधी पोचते तिचे गोल होतात. त्यासाठी फटका मारल्यावर बघत उभं न राहता गोलच्या तोंडाशी जावं लागतं, जिथे काठ्या, कोपरं, ढकलाढकली सगळं असतं. हे अंगवळणी पडायला वर्षं लागतात.

तर अंतिम सामना. उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनने मिनेसोटाला, तेही मिनेसोटाच्याच या रिडर अरेनात, 6-2 ने हरवलं होतं. ओहायो स्टेट मात्र वेगळ्या मातीचं. त्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत 3-2 ची आघाडी टिकवली.

मागे असलेला संघ अशा वेळी सहसा एक जुगार खेळतो. गोलरक्षकाला बाकावर बोलावून घ्यायचं आणि तिच्या जागी सहावी खेळाडू हल्ल्याला पाठवायची. स्वतःचा गोल उघडा पडतो. समोरच्यांनी लांबून सरकवलेली चकती आत गेली तर संपलंच. पण एका गोलने हरलं काय आणि दोनने हरलं काय.

ओहायो स्टेटच्या गोलसमोर झुंबड उडाली. गोलच्या पुढ्यात निळ्या रंगाचा अर्धगोल असतो, तिथे गोलरक्षकाचं राज्य. त्या जागेत चकतीवर अंग किंवा हात टाकून ती दाबून धरायचा हक्क फक्त तिला. दुसऱ्या बचावपटूने तिथे चकती हाताखाली झाकली तर तो नक्की होऊ शकणारा गोल हिरावून घेणं मानलं जातं, आणि त्याची शिक्षा दोन मिनिटांची नसते. थेट पेनल्टी शॉट.

बर्फावरच्या पंचांनी तेव्हा तशी शिट्टी दिली नव्हती. अशा घोळक्यात पंचाला सगळं दिसत नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही. पण क्रिकेटमध्ये कर्णधार डीआरएस घेतो तसं इथे प्रशिक्षकाला आव्हान देता येतं. चुकलं तर टाइमआउट हातचा जातो. जॉन्सनने आव्हान दिलं. पंचांनी चित्रण बघितलं, मागे-पुढे करून बघितलं, आणि निर्णय आला. ओहायो स्टेटच्या खेळाडूने गोलच्या पुढ्यात चकती हाताने झाकली होती. पेनल्टी शॉट.

विस्कॉन्सिनकडे देशात सगळ्यात जास्त गोल करणारी एडवर्ड्स होती, देशातली सर्वोत्तम ठरलेली ओब्रायन होती. चकतीमागे उभी राहिली सिम्स.

पेनल्टी शॉटचे नियम साधे आणि निष्ठुर आहेत. चकती मधोमध ठेवतात. खेळाडूने ती घेऊन एकटीने जायचं. एकदा निघालं की चकती पुढेच सरकत राहिली पाहिजे, थांबून मागे घेता येत नाही. आणि फटका एकच. गोलरक्षकाने अडवला की खेळ तिथेच थांबतो. इथे रिबाउंड नाही. म्हणजे ज्या सवयीवर हा सगळा संघ घडला, पहिला फटका चुकला तर दुसऱ्यासाठी घुसत राहायचं, ती सवय नेमकी या क्षणी कामाची नव्हती.

समोर ओहायो स्टेटची गोलरक्षक अमांडा थील. अशा वेळी गोलरक्षक थोडी पुढे येते, म्हणजे खेळाडूला गोलची जागा कमी दिसते, आणि मग तिच्या वेगाशी जुळवत हळूहळू मागे सरकते. लवकर बसली तर वरचा कोपरा उघडा पडतो. उशीर केला तर पायांच्या मधली फट. दोघीही एकमेकींना आधी हलवायला बघत असतात. जी आधी ठरवते ती बहुतेक वेळा फसते.

सिम्सने घाई केली नाही. चकती आत गेली. 3-3.

ते 18.9 सेकंद उरलेलेच होते, तेही खेळून झाले आणि सामना जादा वेळेत गेला. नेहमीच्या हंगामात जादा वेळ पाच मिनिटांची, तिघी विरुद्ध तिघी, आणि तरीही निकाल लागला नाही तर बरोबरी. 38-1-2 मधला तो ‘2’ तिथून आलाय. राष्ट्रीय स्पर्धेत बरोबरी नावाची गोष्टच नाही. पुन्हा वीस मिनिटांचा पूर्ण भाग, पुन्हा पाच विरुद्ध पाच, आणि पहिला गोल झाला की तिथल्या तिथे सामना संपला. गरज पडली तर दुसरा भाग, तिसरा भाग. मिनेसोटाच्या त्या 41-0 वाल्या मुली अशाच तिसऱ्या भागापर्यंत पोचल्या होत्या.

इथे तेवढं लांबलं नाही. तीन मिनिटंही पुरती झाली नव्हती. विस्कॉन्सिनचा एक फटका गोलवर आला, थीलने अडवला आणि चकती तिच्या पुढ्यात सुटून आली. तिथे आधी पोचली कर्स्टन सिम्स. रिबाउंड. गोल.

4-3. लेक प्लॅसिडचाच आकडा. बाकामागे उभ्या असलेल्या माणसाने वयाच्या बाविसाव्या वर्षी जो गोल केला होता त्याच जातीचा गोल, पंचेचाळीस वर्षांनी, त्याच्या शिष्येने केलेला. विस्कॉन्सिनचं हे आठवं विजेतेपद. दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठाला तोपर्यंत इतकी मिळालेली नव्हती.

इतक्यात आपल्याकडची एक आठवण सांगून घेते. याच 2025 च्या जूनमध्ये भारताच्या महिला आइस हॉकी संघाने संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या. तिथे पाणी गोठलं की हॉकी, वितळलं की संपली, अशीच वर्षानुवर्षं त्यांची तयारी झाली. मॅडिसनच्या मुलींना घरापासून चालत जाता येईल अशी रिंक आणि पूर्णवेळ प्रशिक्षक मिळतात, तेव्हा कुठे शेवटच्या 18.9 सेकंदांत पाय लटपटत नाहीत. लेहच्या मुलींना वर्षभर बर्फ मिळालं तर काय होईल, हे मला मनापासून बघायचंय.

त्या रविवारी मिनिआपोलिसमध्ये गोल झाल्याबरोबर विस्कॉन्सिनच्या मुलींनी हातमोजे, काठ्या जिथल्या तिथे टाकल्या आणि सगळ्या एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. या खेळात सामना संपल्यावर दोन्ही संघ रांग लावून एकेकीचा हात हातात घेतात. वर्षभरापूर्वी याच रांगेत विस्कॉन्सिनच्या मुली हरलेल्या बाजूला होत्या. आता ओहायो स्टेटच्या मुली तिथून हळूहळू पुढे सरकत गेल्या. मागे बर्फावर हातमोजे अजून तसेच पडलेले होते.